लेक्चर अडकलं की दोष नेटचाच?

‘व्हिडिओ अडकला म्हणजे नेट खराब’ असं विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर शिकणाऱ्यांवर हा अन्याय आहे. दोष बरेचदा फाइल बनवण्यात असतो. ४ एमबीपीएसची (सेकंदाला ४ मेगाबिट) एकच एमपी४ फाइल तासाला १.८ जीबी खाते. त्याऐवजी एचएलएस (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत, वेगवेगळ्या दर्जांत पाठवायची पद्धत) वापरा: ६ सेकंदांचे तुकडे आणि दर्जाच्या तीन पायऱ्या, ७२०पी, ३६०पी आणि ६४ केबीपीएसचा निव्वळ आवाज, जो तासाला जेमतेम २९ एमबी घेतो. वेग घटला की प्लेअर आपणहून खालच्या पायरीवर उतरतो. मात्र व्हिडिओच्या सगळ्या पायऱ्यांत की-फ्रेम (स्वतःत पूर्ण असलेलं चित्र, जिथून प्लेअर सुरुवात करू शकतो) एकाच क्षणी हवी, ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) दर ६० फ्रेमनंतर. नाहीतर पायरी बदलताना चित्र अडखळतं. आणि स्लाइड पीडीएफमध्ये वेगळ्या द्याच. ३६०पीवर सूत्रातले घातांक वाचता येत नाहीत.