वसईत कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचंय? हॉलच्या आधी चर्चचं ऑफिस गाठा

साखरपुडा ठरतो, हॉल मिळतो, कॅटररला आगाऊ पैसे जातात आणि मग कोणीतरी विचारतं, "फादरांना भेटलात का?" तिथून घरच्यांची धावपळ सुरू होते. ती टाळायची तर लग्नाच्या किमान तीन महिने आधी आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, प्रमुख धर्मगुरूंना भेटा. सहा महिने मिळाले तर उत्तमच. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आणि नाताळपूर्वीच्या आगमनकाळात बहुतेक चर्चमध्ये लग्नं लावत नाहीत, तेव्हा तारीखही त्यांना विचारूनच पक्की करा.

वयाची अट देशाच्या कायद्याची: मुलगा 21, मुलगी 18 पूर्ण.

कागदांत सर्वांत महत्त्वाचा बाप्तिस्म्याचा दाखला. कपाटात जपून ठेवलेला जुना दाखला चालत नाही, साधारण सहा महिन्यांच्या आतला नवा लागतो. याचं कारण नोंदवहीत आहे. तुमचा बाप्तिस्मा जिथे झाला, तिथल्या वहीत तुमच्या नावासमोरच्या समासात पुढे दृढीकरण (कन्फर्मेशन, श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि लग्न यांचीही नोंद होते. ताजा दाखला हा समास पाहूनच दिला जातो, म्हणून आधी लग्न झालेलं नाही हे त्यावरून कळतं. तो हातात पडला की स्पेलिंग लगेच तपासा. वहीत 'डिमेलो' सलग आणि आधारवर 'डि मेलो' तोडून असेल, तर दुरुस्तीत आठवडे जातात.

याशिवाय दृढीकरणाचा दाखला, आधार, जन्मदाखला, फोटो आणि विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र लागतं. शिबिराच्या जागा लवकर भरतात, नाव आधी नोंदवा. नोकरीसाठी आखातात किंवा दुसऱ्या शहरात राहत असाल, तर तिथल्या धर्मग्रामाकडून अविवाहित असल्याचं पत्र आणावं लागू शकतं. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला हवा. घटस्फोटितांसाठी मात्र कोर्टाचा हुकूम पुरत नाही. आधीचा विवाह मुळातच वैध नव्हता, असा चर्चच्या न्यायमंडळाचा निर्णय लागतो.

मग फादर दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात. आई-वडील बाहेर थांबतात. कोणी दबाव आणलाय का, लग्न आयुष्यभराचं आहे हे मान्य आहे का, मुलं हवी आहेत का, काही लपवलंय का? या अर्ध्या तासाला निव्वळ औपचारिकता समजू नका. जबरदस्तीनं दिलेला होकार चर्च लग्न मानतच नाही. मनात शंका असेल तर ती इथेच बोला. साखरपुड्यात अंगठी घातली म्हणून लग्न केलंच पाहिजे, असं बंधन चर्चच्या कायद्यात नाही. मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण "आता पत्रिका वाटल्या" म्हणून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

यानंतर दोघांच्याही चर्चमध्ये बॅन्स, म्हणजे लग्नाच्या जाहीर सूचना, वाचले जातात, बहुधा सलग तीन रविवारी. लग्नाला अडथळा असल्याचं कोणाला माहीत असेल तर त्यानं फादरांना कळवायचं असतं. सख्खी मामे, आते किंवा चुलत भावंडं असतील तर बिशपांची सूट घ्यावी लागते.

जोडीदार हिंदू, मुस्लिम किंवा अन्य धर्माचा असेल तरीही बिशपांची सूट लागते. धर्मांतराची अट नसते. कॅथलिक व्यक्ती आपली श्रद्धा टिकवण्याचं आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सारं करण्याचं वचन देते. दुसऱ्याला या वचनाची फक्त कल्पना दिली जाते, त्याच्याकडून काही लिहून घेत नाहीत. अशी सूट न घेता फक्त कोर्टात लग्न केलं तर चर्च ते वैध धरत नाही. पण नंतर फादरांना भेटून ते रीतसर करून घेता येतं.

विधीच्या दिवशी दोन साक्षीदार हवेतच. ते सहीसाठी थांबतील असं बघा, फोटोच्या गडबडीत हमखास गायब होतात. पुढे स्थानिक विवाह निबंधकाकडे नोंदणी करा, व्हिसासारख्या कामांना बहुधा तोच दाखला मागतात. गोव्यात क्रम उलटा आहे: आधी सिव्हिल रजिस्ट्रार, मग चर्च. लग्न बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाबाहेर झालं असेल, तर बाप्तिस्म्याच्या वहीत त्याची नोंद पोहोचली का, हे महिन्याभरानं एकदा विचारून घ्या.