अट आणि समजूत

पावसाळ्यात कोल्हापूरच्या बातम्यांत एक ओळ हमखास असते: ‘पंचगंगेवरचे बंधारे पाण्याखाली’. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून घाबरतो. त्याच्या डोक्यात बंधारा म्हणजे बारमाही उभी भिंत. ती बुडाली म्हणजे काहीतरी बिघडलं. इथला शेतकरी मात्र शांत असतो.

पाहुण्याची ती भिंत ही समजूत आहे. अट वेगळी होती. नदीला पावसाळ्यात पूर येतो, पुराबरोबर गाळ येतो आणि उन्हाळ्यात पात्रात पाणी उरत नाही, ही ती अट. ती कुणालाच बदलता येत नाही. उंच पक्की भिंत घातली तर गाळ साचणार आणि पाणी काठावर चढणार. भिंत घातलीच नाही, तर उसाला पाणी कुठून द्यायचं? पण भिंत बारा महिने उभी असायला हवी, असं नदीने कधी सांगितलं होतं?

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याने हाच प्रश्न सोडवला. पात्रात खांब, खांबांना खाचा. पाऊस सरला की खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, बसवायचे; जुन्या रीतीत बरग्यांच्या दोन ओळी करून मधे माती भरतात. पावसाळ्याआधी बरगे काढून घ्यायचे. मग पूर गाळासकट खांबांमधल्या मोकळ्या जागेतून आणि डोक्यावरून निघून जातो. मला ही रचना फार आवडते. तिच्यात नदीशी भांडण नाही आणि शेतीला तहानेलं ठेवणंही नाही.

तुम्ही 9 ठिपक्यांचं कोडं सोडवून पाहिलं असेल: तीन ओळींत तीन-तीन ठिपके, हात न उचलता 4 सरळ रेषांत सगळे जोडायचे. बहुतेक जण ठिपक्यांच्या चौकोनातच अडकतात. त्यात नवल नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यांच्या पसाऱ्यातच फिरते, आणि हात लहानपणापासून तेच शिकलेला असतो. उत्तर हवं तर रेघ चौकोनाबाहेर कोऱ्या जागेत नेऊन तिथे वळवावी लागते. कोड्यात तशी मनाई कुठेच नव्हती.

अट आणि समजूत दोन्ही आतून सारख्याच वाटतात, म्हणून मी कागदावर ‘हे का करता येत नाही?’ एवढं लिहितो. अट असेल तर उत्तरात नदी, कायदा, पैसा, वजन असं काहीतरी बोट ठेवण्यासारखं सापडतं. समजूत असेल तर ‘असंच असतं’ एवढंच उरतं. कचेरीचे नियम या दोहोंच्या मधले: ते खरेच असतात, पण अर्ज केला तर कधीकधी बदलतातही.

उलटी चूक मला जास्त काळजीची वाटते: खऱ्या अटीला समजूत मानणं. ‘इथवर पाणी येत नाही’ म्हणत नदीकाठी घर बांधलं जातं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. इथे पूररेषा ही अट, आणि पाणी येणार नाही ही समजूत. प्लॉट बघायला गेलात तर दलालाआधी शेजारच्या घरात विचारा, 2019 ला पाणी कुठवर होतं.