सॉफ्टवेअर मारून भागत नाही

गणपतीच्या आधी कणकवली-कुडाळच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापुढे उभं राहायला जागा नसते. "सॉफ्टवेअर मारून दितंय, उद्या येवा," हे वाक्य तिथे दिवसभर ऐकू येतं. दुरुस्तीवाल्याला एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक असते. एकाच मॉडेलच्या दोन फोनांत डिस्प्ले दोन वेगळ्या कारखान्यांचे निघू शकतात. न जुळणारं सॉफ्टवेअर मारलं की फोन चालू होतो, चित्रही दिसतं, पण टच मेलेला. नाहीतर टच चालतो आणि नेटवर्क गायब.

अँड्रॉइड सोडून नवी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, घ्यायला फोन कंपन्या एवढ्या का कचरतात, याचं निम्मं उत्तर या मेलेल्या टचमध्येच आहे.

कंप्युटर सुरू होताना त्याचे बरेचसे भाग आपली ओळख आपणच सांगतात. त्यामुळे एकच विंडोज किंवा लिनक्स नाना तऱ्हेच्या मशीनवर चढतं. फोनमध्ये तशी सोय जवळजवळ नाही. टच कुठल्या पिनेवर जोडलाय, कॅमेऱ्याला वीज कुठून मिळते, हे सगळं आधीच लिहून सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, द्यावं लागतं. या यादीला डिव्हाइस ट्री म्हणतात. शिवाय प्रत्येक भागाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, वेगळा. क्वालकॉम, मीडियाटेकसारख्या चिप कंपन्या हे ड्रायव्हर अँड्रॉइडसाठी तयार करून देतात, आणि त्यातल्या बऱ्याच भागांचा मूळ कोड कुणाला दाखवत नाहीत. नव्या सिस्टिमसाठी ते पुन्हा कोण लिहिणार? चिप कंपनी आधी ऑर्डर मागते, फोन कंपनी आधी ड्रायव्हर मागते. त्यामुळे उबुंटू टच किंवा सेलफिशसारख्या सिस्टिमही बहुतेक फोनांवर मध्ये एक थर टाकून अँड्रॉइडचेच ड्रायव्हर वापरतात.

आयआयटी मद्रासमधून जानेवारी २०२३ मध्ये स्वदेशी सिस्टिम म्हणून पुढे आलेलं भारओएसही अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर उभं आहे. 'मग त्यात स्वदेशी काय?' अशी टिंगल झाली. मला ती पटत नाही. ड्रायव्हर जिथे आहेत तिथूनच सुरुवात करावी लागते.

मॉडेमची, म्हणजे फोनमधल्या नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाची, कथा याहून नाजूक. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरून, म्हणजे फोरजीच्या डेटावरून, जातो. ज्या वाडीत फक्त जिओची रेंज येते, तिथे व्होल्टी न जमणारा फोन म्हणजे महागडं घड्याळ.

एवढं जमवलं तरी गिऱ्हाईक काउंटरवर पहिलं विचारतं, "ह्येच्यात व्हॉट्सॲप चलता मां?" इंटेक्सने ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या सिस्टिमचा फोन आणला, किंमत १,९९९ रुपये. व्हॉट्सॲपवाल्यांनी त्यासाठी ॲप काढलंच नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनसाठीचं फायरफॉक्स ओएस गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. गंमत म्हणजे त्याच कोडमधून निघालेलं कायओएस २०१७ च्या जिओफोनमध्ये बसलं, फोन भरपूर खपले आणि २०१८ मध्ये व्हॉट्सॲप तिथे आपणहून आलं. गिऱ्हाईक आधी, ॲप मागाहून. पण तोवर तोटा सोसायची ऐपत किती कंपन्यांकडे असते? आता तर त्यात यूपीआयची भर पडलीय. हर्णै बंदरावर पापलेट घेणारासुद्धा क्यूआर कोड शोधतो, आणि पैशांची ॲप अनोळखी सिस्टिमवर सहसा चालूच होत नाहीत.

करारांचीही आडकाठी होती. प्ले स्टोअर हवं असेल तर अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती दुसऱ्या कुठल्याही फोनवर विकायची नाही, अशी गुगलची अट असे. २०१२ मध्ये एसरने अलीबाबा या चिनी कंपनीच्या अलियुन सिस्टिमचा फोन चीनमध्ये ऐनवेळी मागे घेतला, तो गुगलच्या दबावामुळे, असं अलीबाबाचं म्हणणं होतं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्यामागे अशा अटीही होत्या.

हुआवे या चिनी कंपनीने मात्र स्वतःची हार्मनी ओएस आणून उडी मारली, तीही अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९ मध्ये नव्या फोनांसाठी गुगलचे दरवाजे बंद झाल्यावर. त्यांच्याकडे घरची किरिन चिप होती, म्हणजे ड्रायव्हरसाठी कुणाच्या दारात जायला नको. चीनमध्ये प्ले स्टोअर आधीपासूनच नव्हतं, त्यामुळे तिथल्या गिऱ्हाइकाचं फारसं काही अडलं नाही. एवढं सगळं अनुकूल असूनही हार्मनी ओएसच्या फोनांवर सुरुवातीची काही वर्षं अँड्रॉइडची ॲप चालू ठेवावी लागली. त्या ॲपशी काडीमोड झाला तो २०२४ च्या हार्मनी ओएस नेक्स्टमध्ये.