वार्धक्यातील मूत्रपिंडकार्य

वय वाढते तशी मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता हळूहळू उतरते. मधुमेह, रक्तदाब यांपैकी काहीही नसलेल्या बहुतेक माणसांतही हा उतार दिसतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात. जन्मानंतर त्यांत नव्याने भर पडत नाही. तरुणपणी दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर लघवी वगळता बाकीचा रक्तात परत घेतात. पुढे काही नेफ्रॉनांतले केशवाहिन्यांचे गुच्छ निबर होऊन बंद पडतात, लहान धमन्यांच्या भिंती जाड होतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १,२०३ मूत्रपिंडदात्यांच्या ऊतींची तपासणी झाली (२०१०). तिशीच्या आतल्या दात्यांपैकी ३ टक्क्यांहून कमी जणांत असे बदल होते, सत्तरी ओलांडलेल्यांत ७३ टक्के. हे सगळे मूत्रपिंड दान करण्याइतके धडधाकट होते, हे विसरू नये.

गाळणदर तरुणपणी मिनिटाला १०० ते १२० मिली. असतो. बाल्टिमोर येथील दीर्घकालीन अभ्यासात (१९८५) २५४ निरोगी व्यक्तींमध्ये तो वर्षाला सरासरी ०.७५ मिली. घटला. पण सुमारे एक तृतीयांश जणांत घट झालीच नाही. तेव्हा ‘म्हातारपण म्हणजे किडनी जाणारच’ हा समज खरा नाही.

याउलट ‘क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे किडनी ठणठणीत’ हा समज जास्त घातक ठरतो. क्रिएटिनिन हे स्नायूंतून येणारे टाकाऊ द्रव्य; मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात, म्हणून गाळण मंदावली की ते रक्तात साचते. उतारवयात स्नायू झडतात, ते कमी तयार होते, आणि गाळण मंदावलेली असूनही रिपोर्टातला आकडा चांगला दिसतो. रक्तातले क्रिएटिनिन डेसिलिटरला १.० मिग्रॅ. असेल, तर २०२१च्या सुधारित सूत्राने २५ वर्षांच्या तरुणाचा गाळणदर १०७ येतो, ८० वर्षांच्या आजींचा ५७. म्हणून रिपोर्टात अंदाजित गाळणदराची (eGFR) ओळ शोधावी. स्नायू फारच झडले असतील, तर सिस्टॅटिन-सी या स्नायूंवर फारशा अवलंबून नसलेल्या रक्तातल्या प्रथिनाची चाचणी अधिक भरवशाची.

गाळणदर ३ महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला, तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असे निदान होते. पंचाहत्तरीच्या माणसाला हाच निकष लावावा का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन जात नसेल आणि आकडा वर्षानुवर्षे ५०-५५वर स्थिर असेल, तर घाबरवून सोडण्यापेक्षा लक्ष ठेवणे योग्य. आकडा झपाट्याने उतरत असेल, तर मात्र वयाकडे बोट दाखवून थांबता येत नाही.

लघवी घट्ट करण्याची ताकदही कमी होते. आजोबा रात्री दोन-तीनदा उठतात, त्यामागे प्रोस्टेटइतकेच हेही कारण असू शकते. रात्री उठावे लागू नये म्हणून ते संध्याकाळपासून पाणीच टाळतात. त्यात वयाने तहानही मंद झालेली. अशात जुलाब-उलट्या झाल्या, की शरीर लवकर कोरडे पडते.

एरवी काम भागवणारी मूत्रपिंडे अशा वेळी कोलमडतात, कारण त्यांची राखीव क्षमता संपत आलेली असते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक, रक्तदाबाची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी नेहमीची गोळी आणि लघवी वाढवणारे औषध हे तिन्ही एकत्र आले, तर काही दिवसांत क्रिएटिनिन चढू शकते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, मज्जातंतूंच्या वेदनेवरचे गॅबापेंटिन यांचे डोसही गाळणदर पाहून ठरवावे लागतात. गाळणदर ३०च्या खाली गेल्यास मेटफॉर्मिन बंदच करतात.