शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने

पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे वाक्य पाठ असतं: 'गुरुवारी संपूर्ण दिवस पाणीपुरवठा बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होण्याची शक्यता आहे.' कधी पर्वती, कधी वडगाव, कधी वारजे किंवा लष्कर. जलकेंद्राचं नाव बदलतं, वाक्य तेच राहतं. बुधवारी रात्री घरोघरी पिंपं, बादल्या, कळश्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवले जातात. 'बंद राहणार' एवढं आपण नीट वाचतो, कारण गुरुवारची आंघोळ त्यावर अवलंबून असते. शुक्रवारचा भाग मात्र नजरेखालून निसटतो. मला त्या निवेदनातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. आपल्या नळाचं पाणी कशामुळे सुरक्षित राहतं आणि कधी राहत नाही, याचं उत्तर 'उशिरा' आणि 'कमी दाबाने' या शब्दांत आहे.

आधी 'उशिरा' बघू. पंपाची किंवा विजेची कामं गुरुवारी संध्याकाळी उरकली, तरी शुक्रवारी सकाळी नळ कोरडाच का? कारण मधल्या काळात जलवाहिन्या रिकाम्या झालेल्या असतात. एक मीटर व्यासाच्या आणि एक किलोमीटर लांबीच्या नळात सुमारे ७ लाख ८५ हजार लिटर पाणी मावतं. शहराखाली असे नळ मैलोगणती पसरलेले आहेत. ते भरल्याशिवाय, आणि त्यांच्या पुढच्या टाक्या भरल्याशिवाय, तुमच्या गल्लीत पाणी पोचत नाही.

आणि भरायचं तेही सावकाश. रिकाम्या नळात हवा शिरलेली असते. पाणी पुढे सरकतं तशी ती हवा चढावर, उंचवट्यावर जाऊन बसते आणि पाण्याची वाट अडवते. म्हणून मोठ्या जलवाहिन्यांवर ठिकठिकाणी एअर व्हॉल्व्ह बसवलेले असतात. ही अडचण पुण्याला नवी नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणलं गेलं, तेव्हा त्या नळावर जागोजागी बांधीव उंच तोंडं ठेवली होती. लोक त्यांना 'उच्छ्वास' म्हणत. नळाने श्वास सोडायची जागा! इतकं नेमकं तांत्रिक नाव मला दुसरं आठवत नाही.

सगळी हवा अशी वाटेत निघून जात नाही. शुक्रवारी नळ उघडला की आधी तो खाकरतो, फुसफुसतो आणि मग दुधासारखं पांढरं पाणी सोडतो. 'क्लोरीन जास्त पडलंय' म्हणून पुष्कळ जण ते ओतून देतात. एकदा ते काचेच्या ग्लासात घेऊन खिडकीपाशी धरा. पांढरेपणा बुडापासून निवळू लागेल, मिनिटभरात निवळलेल्या पाण्याची रेघ वर वर सरकेल आणि शेवटी पृष्ठभागावर काहीच उरणार नाही. तो पांढरेपणा हवेच्या बारीक बुडबुड्यांचा होता. दाबाखाली पाण्यात कोंबली गेलेली हवा दाब सुटताच बाहेर पडते. निवळताना बुडाशी गाळ बसला, पाणी तांबूस किंवा मातकट राहिलं, तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे. नळाच्या आतल्या भिंतीवर गंज, मातीचे कण आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर वर्षानुवर्षं चिकटलेला असतो. कोरड्या पडलेल्या नळात पाणी जोराने शिरलं की तो खरवडून निघतो. ते पाणी प्यायचं नाही.

सावकाश भरण्याचं दुसरं कारण आमच्या भागातल्या चावीवाल्या काकांनी मला दाखवलं. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण सरकवून ते लांब दांड्याची चावी आत सोडतात, व्हॉल्व्ह थोडा फिरवतात, थांबतात, जमिनीखालचा आवाज ऐकतात आणि मगच पुन्हा फिरवतात. घाई केली तर पुढे कुठेतरी नळ फुटतो, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. या धक्क्याचं गणित निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून मांडलं. पोलादी नळातून सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी एकाएकी थांबलं, तर क्षणभर जो जादा दाब उसळतो तो साधारण शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तीसमजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीने तळमजल्याच्या नळावर टाकावा, तेवढा! जुना सांधा तिथे टिकत नाही.

आता 'कमी दाबाने'. पाण्याचा दाब अभियंते मीटरमध्ये मोजतात, म्हणजे नळातलं पाणी किती उंच चढू शकेल यावर. आपल्याकडे शहरी योजना आखताना एकमजली घरांसाठी किमान ७ मीटर, दुमजलींसाठी १२ आणि तीनमजलींसाठी १७ मीटर दाब धरण्याची पद्धत पडली. शुक्रवारी सगळ्या शहराचे नळ एकदम उघडे असतात, टाक्या तळाला गेलेल्या असतात आणि दाब पडतो. चढावरच्या आणि टोकाच्या घरांना धार येत नाही. इथवर हा गैरसोयीचा प्रश्न वाटतो. पण दाबाचं खरं काम वेगळंच आहे.

जमिनीखालचा कुठलाही जुना नळ पूर्णपणे घट्ट नसतो. सांध्यांना बारीक फटी असतात, गंजलेली भोकं असतात. नळात दाब असतो तोवर त्या फटींतून पाणी बाहेर झिरपतं. ते वाया जातं, पण बाहेरचं काही आत येऊ शकत नाही. दाब म्हणजे नळाच्या आतून उभी असलेली भिंतच. पाणी बंद झालं की ती भिंत पडते. उताराकडचं पाणी खाली ओघळून जातं आणि मागे पोकळी ओढ घेते. बाजूने ड्रेनेजची लाइन जात असेल, खड्ड्यात पावसाचं पाणी तुंबलं असेल, तर तेच त्याच फटीतून आत येतं. बाहेर पाणी घालवणारी गळती आता आत घाण आणणारी होते. थेट नळाला मोटर लावून पाणी खेचणारी घरं ही ओढ आणखी वाढवतात. आपल्याला दोन बादल्या जास्त मिळतात, पण त्या क्षणी गल्लीतल्या सगळ्या फटी आत शोषू लागतात. मोटर लावायची तर घरच्या हौदातून वरच्या टाकीकडे लावावी, महापालिकेच्या लाइनवर कधीही नाही. या एका बाबतीत मी शेजाऱ्यांशी वाईटपणा घेतलेला आहे आणि पुन्हा घेईन.

याचा पुरावा फार दूरचा नाही. हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि बाकी शहरात दर काही दिवसांनी काही तास येत राहिलं. धरण तेच, शुद्धीकरण केंद्रंही तीच. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं. विष्ठेच्या प्रदूषणाची खूण समजला जाणारा ई. कोलाय हा जिवाणू खंडित पुरवठ्याच्या जवळपास एकतृतीयांश नमुन्यांत सापडला, तर अखंड पुरवठ्याच्या शंभर नमुन्यांत जेमतेम एखाद्यात. पाणी सुटल्यानंतरची पहिली धार आणि पावसाळा, या दोन वेळा सगळ्यात वाईट होत्या. आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. अखंड पाणी म्हणजे चैन, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हुबळीचे हे नमुने सांगतो.

भिंत पडल्यावर उरतो तो पहारेकरी, म्हणजे क्लोरीन. जलकेंद्रात तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. त्याला आपलं काम करायला साधारण अर्धा तास लागतो. तिथले जंतू मारून झाल्यावरही थोडं क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेलं असतं, वाटेत घुसणाऱ्यांसाठी. भारतीय मानकाप्रमाणे घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी ते उरलेलं असावं. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये एक ग्रॅम, इतकंच! पाण्याला औषधाचा हलका वास आला की आपण नाक मुरडतो. मला तो वास आला की बरं वाटतं.

या पहारेकऱ्याचा दुसरा गुण मला आमच्याच सोसायटीत कळला. पावसाळ्यात एकाच आठवड्यात चार घरांत जुलाब सुरू झाले आणि सगळ्यांनी बाहेरच्या पाण्याला दोष दिला. माझा चुलतभाऊ गावी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. तो नेमका आला होता आणि त्याच्या पिशवीत ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या द्रावणाची, बाटली होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, हाताला न लावता त्यात द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं होतं का ते पांढऱ्या कागदासमोर धरून बघायचं. गेटपाशी, रस्त्यावरून येणाऱ्या नळाचं पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं. आमच्या जमिनीखालच्या टाकीतलं पाणी मात्र जसंच्या तसं राहिलं. म्हणजे क्लोरीन दारापर्यंत आलं होतं आणि आमच्या टाकीत कशाशी तरी लढून संपलं होतं. झाकण उघडल्यावर उलगडा झाला. टाकीचं तोंड पार्किंगच्या फरशीशी समपातळीत होतं आणि गाड्या धुतलेलं पाणी कडेने आत उतरत होतं. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ ड्रेनेजचा चेंबर होता, त्याला तडा गेलेला. क्लोरीन नाहीसं होणं हाच धोक्याचा इशारा असतो, जंतू प्रयोगशाळेत सापडण्याच्या कितीतरी आधीचा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा सगळं पुणं पाण्याबद्दल बोलू लागलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, हातापायांतली ताकद जाते. पोटाच्या काही संसर्गांनंतर हे घडू शकतं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो क्लोरीनपुढे टिकत नाही, उकळीपुढे तर नाहीच. म्हणून त्या दिवसांत पाणी उकळून प्या, असं पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं.

उकळायचं किती? वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याहूनही कमी तापमानाला. रोगजंतू त्याच्या कितीतरी आधी मरतात. मात्र उकळताना क्लोरीनही उडून जातं. उकळलेल्या पाण्याला पहारेकरी नसतो, तेव्हा ते झाकून ठेवा आणि तांब्या बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं वापरा. आधी गाळायचं ते अशासाठी की गढूळपणाच्या कणांआड जंतू लपतात. बांगलादेशातल्या खेड्यांत जुनी सुती साडी अनेक पदरी करून पाणी गाळल्यावर कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं, कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात. आरओबद्दल थोडक्यात: ते क्षार काढण्यासाठी आहे. एक लिटर पाणी देताना ते सहसा दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. खडकवासल्याचं पाणी मुळातच मऊ आहे, त्याला याची गरज नाही. बोअरवेलचं पाणी पिणाऱ्यांनी तपासणी करून ठरवावं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. शुक्रवारी 'ताजं' पाणी आलं की बुधवारी भरलेलं 'शिळं' पाणी आपण मोरीत ओततो. झाकून ठेवलेलं पाणी दीड दिवसात शिळं होत नाही. फार तर त्यातलं क्लोरीन उतरतं. प्यायला नको वाटलं तर फरशीला, कुंड्यांना, संडासाला वापरता येतं. शंभर लिटर प्रमाणे लाखभर घरांनी ते ओतलं, तर एक कोटी लिटर गटारात जातं, आणि तेही शहराला दाबाची सर्वांत जास्त गरज असते त्या सकाळी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९.१५ टीएमसी पाणी साठतं, त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीसुद्धा नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण त्याच साठ्यातून कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांनाही पाणी जातं. सेकंदाला एक थेंब गळणारा घरातला नळ दिवसाला चार लिटरहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या वर पाणी घालवतो. त्याचा वायसर बदलायला दहा मिनिटं लागतात.

आमच्या टाकीचं तोंड आम्ही वीतभर उंच बांधून घेतलं, झाकणाला रबरी पट्टी लावली, चेंबर बुजवून लांब हलवला, टाकी उपसून घासली. शुक्रवारची पहिली धार आता टाकीत घेत नाही. ती बादल्यांत धरतो आणि पार्किंग त्याच पाण्याने धुतो. पंधरा दिवसांनी भाऊ पुन्हा आला, तेव्हा आम्ही सात-आठ जण नळीभोवती उभे होतो. त्याने गेटच्या नळाचं आणि टाकीचं, दोन्ही पाणी शेजारी शेजारी धरलं. टाकीतलं किंचित फिकं होतं, पण पिवळं होतं.