घरगुती गारवा व गरम पाणी : दोषनिदान

घरातील एसी, कूलर, गिझर किंवा सौर बंब पुरेसे काम देत नसेल, तर त्याचे कारण क्रमाने शोधण्याची पद्धत. खोली गार करणे आणि पाणी तापवणे ही कामे एकमेकांच्या उलट वाटतात. पण दोन्हींत उष्णता एका जागेवरून दुसरीकडे न्यायची असते आणि ती वाहून नेतात हवा किंवा पाणी. म्हणूनच यंत्र ‘बिघडले’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा बिघाड यंत्रात नसतो. हवेची किंवा पाण्याची वाट कुठेतरी अडलेली असते, नाहीतर कामाचा बोजा यंत्राच्या ताकदीबाहेर गेलेला असतो. हे तपासण्याआधीच भाग बदलायला घेणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी सवय आहे.

निदानाची सुरुवात एका प्रश्नाने करावी : त्रास कधीपासून आहे? पहिल्या दिवसापासून असेल तर क्षमता कमी पडते किंवा जोडणी चुकली आहे. हळूहळू वाढला असेल तर धूळ, क्षार किंवा बारीक गळती यांचा संशय घ्यावा. काल चालू होते आणि आज बंद पडले, तर वीज, थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच), कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला जोर देणारा भाग) असा एखादा भाग गेलेला असतो. ऋतूचा फरकही लक्षात ठेवावा लागतो. हिवाळ्यात नळाचे पाणीच थंड येते, त्यामुळे धडधाकट गिझरही ‘मंदावल्यासारखा’ वाटतो.

एसीची क्षमता टनांत सांगतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो त्यावरून हे माप आले. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट. तपासणीसाठी साधा तापमापक पुरतो. एसी पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. फरक साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस असेल आणि हवेचा झोतही जोरदार असेल, तर यंत्र आपले काम करत आहे. तरीही खोली गार होत नसेल तर उष्णता आत येण्याच्या वाटा शोधाव्यात : पश्चिमेची काच, तापलेला स्लॅब, दाराखालची फट. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता देतो. फरक पुरेसा असून झोत क्षीण असेल तर जाळी, हवा गार करणारी कॉइल किंवा हवा फेकणारा ब्लोअर चोंदला आहे. फरकच कमी असेल तर नळ्यांत फिरणारा शीतक गॅस, तो दाबणारा कंप्रेसर किंवा बाहेरच्या युनिटकडे वळावे. दमट हवेत मात्र हा फरक घटतो, तो दोष नव्हे. हवेतल्या बाष्पाचे एक लिटर पाणी करण्यात सुमारे ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) एवढे शीतन खर्ची पडते. निचऱ्याच्या नळीतून धो धो पाणी येत असेल तर एसीची बरीच मेहनत हवा कोरडी करण्यात जात आहे.

आतल्या कॉइलवर साचलेला बर्फ जोरदार गारव्याचे लक्षण मानला जातो, आणि तिथेच निदान चुकते. जाळी धुळीने भरली की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइलचे तापमान शून्याखाली उतरते, त्यावरचे दव गोठते आणि तो बर्फ उरलीसुरली वाटही बंद करतो. अशा वेळी शीतन बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, बर्फ पूर्ण वितळू द्यावा, मग जाळी धुऊन, वाळवून बसवावी. हवेची वाट मोकळी असूनही बर्फ पुन्हा धरला तर गॅस कमी झाल्याची शक्यता मोठी.

‘गॅस संपला’ हा शब्दप्रयोग दिशाभूल करतो. हा गॅस म्हणजे शीतक, तो इंधनासारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तो फिरत राहतो, आत उष्णता घेतो, बाहेर सोडतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. दरवर्षी गॅस भरून घेणे हा उपाय नाही. सांध्याजवळ तेलकट डाग दिसतो का ते पाहणे, साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधणे, नायट्रोजनच्या दाबाखाली यंत्रणा तपासणे, गळती बुजवल्यावर निर्वात पंपाने हवा व ओल काढणे आणि मग वजन करून शीतक भरणे, असा पूर्ण क्रम झाला तरच दुरुस्ती झाली म्हणावे. आर-३२ हा शीतक सौम्य ज्वलनशील, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन चांगलाच ज्वलनशील आहे. म्हणून हे काम प्रशिक्षित माणसाचेच.

बाहेरच्या युनिटला उष्णता सोडायला मोकळी जागा लागते. ते कोनाड्यात कोंबले असेल तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते आणि ऐन दुपारी कंप्रेसर बंद पडतो. कंप्रेसर घूं घूं करतो पण सुरू होत नाही, तेव्हा पहिला संशय कपॅसिटरवर. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार उरतो, त्यामुळे झाकण उघडून हात घालणे धोक्याचे. इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसर ठरवलेले तापमान जवळ आले की मंदावतो. तो दोष नाही. ठरावीक वेगाच्या एसीवर १६ अंश लावल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ चालत राहते.

कूलरची मर्यादा हवेतील ओलाव्यावर ठरते. ४० अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर चांगला कूलर २५-२६ अंशांची हवा देतो. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना ३० अंशांच्या खाली उतरणे त्याला जमत नाही. त्याच्यासमोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओलावा खोलीतच साठतो. पॅड एखाद्या पट्ट्यात कोरडे राहत असतील तर पंपाची नळी किंवा तिची भोके क्षाराने बुजलेली असतात.

गिझरचे निदान तर गणितानेच निम्मे होते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६१ युनिट ऊर्जा लागते. २ किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी अठरा-एकोणीस मिनिटे पुरतात. तेवढ्या कामाला पाऊण तास लागत असेल तर काहीतरी बिनसले आहे. आधी व्होल्टेज पाहावे : २३० व्होल्टचा गिझर २०० व्होल्टवर जवळपास चौथा हिस्सा शक्ती गमावतो. मग वीज तोडून, तारा सोडवून पाणी तापवणाऱ्या एलिमेंटचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजावा. २ किलोवॅटच्या एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम भरतो. मीटर अनंत दाखवत असेल तर एलिमेंट तुटले. रोध ठीक असेल तर थर्मोस्टॅट आणि पाणी अति तापल्यास वीज तोडणारा कटआउट तपासावेत. कटआउट वारंवार उडत असेल तर तो नुसता दाबून पुन्हा चालू करत राहू नये, थर्मोस्टॅट अडकून पाणी उकळीकडे जात असण्याची शक्यता असते.

जड पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट तापल्यावर विरघळलेले राहत नाही, ते एलिमेंटवर बसते. खडखड किंवा गुडगुड आवाज ही त्याची खूण. थराखाली एलिमेंट जास्त तापून फुटते. टाकीतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो संपला की पाणी तांबूस येऊ लागते आणि टाकीचे आयुष्य घटते. क्षार काढताना तो पाहिलाच जात नाही, याची खंत वाटावी इतके हे काम सोपे आहे.

गिझर गरम आणि नळ कोमट, ही तक्रार वेगळी. गिझरला जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ उघडावा. थोड्या वेळात धार थांबली पाहिजे. ती चालूच राहिली तर एखाद्या मिक्सर नळातून थंड पाणी गरम वाहिनीत घुसते आहे, आणि गिझर निर्दोष आहे. थंड पाणी व गरम पाणी टाकीत वेगळे ठेवणारी आतली नळी तुटली तरी पाणी कोमट येते. नळीचे अंतरही मोजावे : १५ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या दहा मीटर नळीत पावणेदोन लिटर गार झालेले पाणी थांबलेले असते, आणि ते आधी बाहेर येते.

इन्स्टंट गिझरमध्ये सगळा खेळ धारेचा. ३ किलोवॅटवर मिनिटाला दोन लिटर धार असेल तर पाणी साधारण २१ अंशांनी तापते. धार दुप्पट केली की वाढ निम्मी. नळ थोडा आवळणे हीच दुरुस्ती. गॅस गिझरला उलट पाण्याचा किमान दाब लागतो, त्याखाली तो पेटतच नाही. त्याच्या ज्योतीचा निळा रंग जाऊन पिवळा आला तर ज्वलन अपुरे आहे, आणि त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही. बंद न्हाणीघरात असा गिझर चालवू नये.

तापमान किती ठेवावे यात दोन धोके ओढाताण करतात. साठवलेले पाणी कोमट राहिले तर न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९७६ मध्ये आलेल्या साथीनंतर त्यांची ओळख पटली. म्हणून साठवण ६० अंशांवर ठेवण्याची शिफारस असते. पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. टाकी ६० वर ठेवून नळाशी थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवणे हा खरा तोडगा. लहान मुले व वृद्ध असलेल्या घरात तो आवश्यकच मानावा.

सौर बंबात विजेचे भाग जवळजवळ नसतात, म्हणून तिथे सावली, काचेवरची धूळ, नळ्यांतील क्षार आणि अडकलेली हवा एवढेच शोधायचे असते. पॅनेल तापलेले आणि टाकी थंड, म्हणजे पाण्याचे नैसर्गिक अभिसरण हवेच्या बुडबुड्याने तुटले आहे.

उष्णतापंपाचा गिझर एसी आणि गिझर या दोन्ही घराण्यांचा वारस आहे. तो एसीसारखाच शीतक फिरवून हवेतली उष्णता पाण्यात सोडतो, त्यामुळे साध्या गिझरपेक्षा वीज बरीच कमी लागते. पण पाणी तापायला वेळ जास्त लागतो, आणि ही मंदगती त्याचा स्वभाव आहे. त्याचे पाणी पूर्वीपेक्षा कमी तापू लागले, तर एलिमेंट तपासण्याआधी त्याच्या हवेच्या जाळीवरची धूळ पाहावी.