मधुमेही पायाची जखम: शस्त्रक्रिया कुठून कुठे आली

तळव्यावरची मधुमेही जखम घट्ट्याखाली दडलेली असते. वर वाटाण्याएवढं भोक, आत पोकळी त्याच्या कितीतरी पट. तळव्याला भोक पाडणाऱ्या अशा जखमांसाठी लंडनच्या फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी १८८४ साली रीत सांगितली: जवसाच्या पोटिसाने घट्टा मऊ करायचा, पोटीस बदलताना पात्याने तासायचा आणि रुग्णाला झोपवून ठेवायचं. यातलं शेवटचं पथ्य सर्वांत महत्त्वाचं, आणि आजही तेच आधी मोडतं.

१९२२ पासून इन्सुलिनने माणसं जगू लागली, तसे पाय कुजण्याचे रुग्णही वाढले. तेव्हा पाय जायचा तो बहुधा गुडघ्याच्या वरून. पेनिसिलिन आल्यावर बोस्टनच्या लेलंड मॅकिट्रिक यांनी १९४९ मध्ये फक्त चवड्याचा पुढचा भाग काढण्याचे निष्कर्ष मांडले. टाच वाचली, की माणूस स्वतःच्या पायावर चालतो.

पुढे एका चुकीच्या समजाने बरेच पाय घालवले. मधुमेहात सूक्ष्म रक्तवाहिन्याच बंद होतात, म्हणून बायपास व्यर्थ, असं १९५९ नंतर मानलं गेलं. १९८४ मध्ये लोगर्फो आणि कॉफमन यांनी ते खोडून काढलं: अडथळे मुख्यतः गुडघ्याखाली असतात, पावलातली धमनी पुष्कळदा मोकळी सापडते. त्यामुळे रुग्णाचीच शीर वापरून पावलापर्यंत रक्त नेता येतं. घोट्याचा रक्तदाब मात्र फसवतो. धमन्या चुन्याने कडक झाल्या, की आकडा खोटाच वर जातो. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरखाली असेल, तर रक्तपुरवठ्याचा तातडीने विचार हवा. पू साठला असेल, तर तो आधी काढायचा, रक्तपुरवठा सुधारेपर्यंत थांबायचं नाही.

चालताना तळव्यावर पडणाऱ्या दाबाचं कोडं सुटलं कुष्ठरोगामुळे. संवेदना गेलेला पाय त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब सोसतो, म्हणून फाटतो, हे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवलं. तळव्याला घट्ट बसणारं प्लास्टर त्यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात नेलं आणि तिथून ते मधुमेह्यांना मिळालं. आपल्याकडची एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची, चप्पलही कुष्ठरोग्यांकडूनच मधुमेह्यांकडे आली.

प्लास्टर काढलं, की चवड्यावरची जखम उलटते, कारण आखडलेला अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, घोटा वर वळू देत नाही. त्यावर तीन छोटे छेद घेऊन, प्रत्येक ठिकाणी टेंडनची निम्मी रुंदी कापून तो लांबवतात. २००३ च्या ६४ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत जखम उलटण्याचं प्रमाण ८१ टक्क्यांवरून ३८ वर आलं. टेंडन गरजेपेक्षा जास्त लांबला, तर सगळा भार टाचेवर येतो, आणि टाचेची जखम भरणं चवड्याहून कठीण.